घरगुती आयसोमेट्रिक व्यायाम

स्नायूंवर जोराचा ताण आणायचा, पण सांधा जागचा हलू द्यायचा नाही, अशा ताकदीच्या व्यायामाला आयसोमेट्रिक व्यायाम म्हणतात. भिंत रेटणे, पायाखाली धरलेला पट्टा वर ओढणे, भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखे थांबणे ही त्याची साधी रूपे. वजने लागत नाहीत, त्यामुळे साधने पिशवीत मावतात, खर्च किरकोळ होतो आणि चटईएवढी जागा पुरते. दोष एकच, पण मोठा: काहीच हलत नसल्याने आपण खरोखर किती जोर लावला हे दिसत नाही. घरचा कार्यक्रम आखताना बहुतेक अडचणी याच दोषातून उभ्या राहतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील शक्तिवीर अलेक्झांडर झास (१८८८–१९६२) पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या कैदेत होता. कोठडीत साखळ्या आणि गज ओढून आपण ताकद राखली, असे तो सांगे. पुढे ब्रिटनमध्ये त्याने याच पद्धतीचे धडे टपालाने विकले. शास्त्रीय चर्चा मात्र १९५३ मध्ये जर्मनीतील हेटिंगर आणि म्यूलर यांच्या प्रयोगांनी पेटली. कमाल ताकदीच्या दोन-तृतीयांश जोराने दिवसातून एकदा ६ सेकंद ताण दिला, तरी ताकद आठवड्याला सुमारे ५ टक्के वाढते, असा त्यांचा निष्कर्ष होता. नंतरच्या प्रयोगांत एवढी वाढ दिसली नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेतील वजन उचलणाऱ्या खेळाडूंत या व्यायामाची लाट आली. पण त्यातले काही जण त्याच वेळी डायनाबोल हे स्टेरॉइड घेत होते हे उघड झाल्यावर ती ओसरली. पद्धत खोटी नव्हती. तिच्या नावावर नको तेवढे श्रेय जमा झाले होते.

साधनांत मुख्य म्हणजे न ताणला जाणारा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा विणलेला पट्टा, न घसरणारे बकल आणि दोन मुठी. पायाखालून डोक्याच्या वरपर्यंत दुहेरी जायला पट्टा चार-पाच मीटर लांब हवा. रबरी बँड येथे चालत नाही, कारण तो लांबतो आणि हात सरकतो. सुरुवातीला जाड टॉवेलही पुरतो. पट्ट्याहून जास्त उपयोगी वस्तू म्हणजे सामान तोलायचा लटकता डिजिटल काटा. पट्टा आणि मूठ यांच्यामध्ये तो अडकवला की जोर किलोत दिसतो आणि मागच्या आठवड्याशी तुलना करता येते. पट्टा दुहेरी असून काटा त्याच्या एकाच बाजूत असेल, तर आकडा एकूण जोराच्या निम्म्याजवळ येतो. हे लक्षात न ठेवल्यास नोंदवही फसवी होते. पायांच्या व्यायामात जोर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो, म्हणून काट्याची क्षमता भरपूर असावी.

कार्यक्रमात पाच-सहा हालचाली पुरतात: पायाखालचा पट्टा उभ्याने ओढणे, कमरेला पट्टा बांधून अर्ध्या बैठकीतून वर रेटणे, कमरेकडे ओढणे, पाठीमागून घेतलेला पट्टा छातीपुढे ढकलणे, डोक्यावर रेटणे आणि टाचा उचलणे. जोर झटक्याने लावू नये. दोन-तीन सेकंदांत तो चढवावा, ५ ते १० सेकंद टिकवावा आणि हळूहळू सोडावा. प्रत्येक हालचाल तीन ते पाच वेळा, मध्ये अर्धा ते एक मिनिट विश्रांती. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंचा व्यायाम सुचवते. दोन-तीन दिवसांत ते साधते. रोज करण्याचा मोह टाळलेला बरा.

आता सांध्याच्या कोनाचा प्रश्न. ज्या कोनात जोर लावला त्याच्या आसपासच ताकद अधिक वाढते. कोपर काटकोनात ठेवून सराव केला, तर हात सरळ असतानाची ताकद तेवढी वाढत नाही. म्हणून बकल सरकवून प्रत्येक हालचाल दोन-तीन उंचींवर करावी. वेळ नसेल आणि एकच कोन निवडायचा असेल, तर स्नायू लांब ताणलेला असेल तो निवडावा, कारण त्या स्थितीतला फायदा इतर कोनांपर्यंत जास्त पोचतो. एवढे करूनही वजन सावकाश खाली आणण्याचे आणि तोल सांभाळण्याचे कसब यातून फारसे येत नाही. दंड-बैठकांची जोड द्यावीच लागते.

जोर लावताना दम कोंडला जातो आणि रक्तदाब त्या क्षणी झपाट्याने चढतो. श्वास चालू ठेवावा. मोठ्याने सेकंद मोजले की तो आपोआप चालू राहतो. अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पूर्ण जोर लावू नये. गंमत अशी की, बेताचा जोर बराच वेळ धरल्यास विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब उतरतो. मूठ आवळण्याच्या कमाल ताकदीच्या सुमारे ३० टक्के जोर, दोन-दोन मिनिटे चार वेळा, मध्ये विश्रांती, आठवड्यातून तीनदा, ही त्याची रूढ पद्धत. २०२३ मध्ये २७० प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात रक्तदाब उतरवण्याच्या बाबतीत आयसोमेट्रिक व्यायाम इतर प्रकारांच्या पुढे ठरला. हे काही औषध बंद करण्याचे कारण नव्हे.

पट्ट्याची शिवण आणि बकलाचे दात दर काही आठवड्यांनी पाहावेत. उसवलेला पट्टा पूर्ण जोरात तुटला, तर मूठ थेट चेहऱ्यावर येते.