मॅप केलेला नेटवर्क ड्राइव्ह गायब होणे

ऑफिसच्या सर्व्हरवरचं शेअर केलेलं फोल्डर झेड, एस असं एखादं अक्षर देऊन आपल्या पीसीला जोडलं की तो मॅप केलेला ड्राइव्ह, आणि सकाळी लॉगिन केल्यावर ते अक्षर दिसतच नाही किंवा दिसतं पण त्यावर लाल फुली असते ही विंडोज नेटवर्कमधली जुनी, चिवट तक्रार. डेटा बहुतेक वेळा सर्व्हरवर जिथल्या तिथे असतो, तुटलेली असते ती फक्त जोडणी, त्यामुळे "ड्राइव्ह उडाला" म्हणून पीसी फॉरमॅट मारायला घेणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. ड्राइव्ह कधी आणि कसा जातो एवढं नीट विचारलं तरी अर्धं निदान होतं.

मुळात मॅपिंग पीसीचं नसतं, युझरच्या लॉगिनचं असतं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, त्याची नोंदही त्या युझरच्याच भागात, "नेटवर्क" नावाच्या कप्प्यात (की) असते. म्हणून त्याच मशीनवर दुसऱ्याने लॉगिन केलं की ड्राइव्ह नाही. व्हिस्टापासून यूएसी (ॲडमिनचे अधिकार वापरण्याआधी परवानगी विचारणारी सोय) आल्यावर तर ॲडमिन युझरचं साधं सेशन आणि "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर"चं सेशन ही दोन वेगळी लॉगिन धरली जातात, मग एक्सप्लोररमध्ये ड्राइव्ह दिसतो पण ॲडमिन म्हणून उघडलेल्या सॉफ्टवेअरला तो सापडत नाही. यावर एनेबल-लिंक्ड-कनेक्शन्स ही रजिस्ट्री व्हॅल्यू 1 करून पीसी रीस्टार्ट करतात.

लाल फुली आहे पण डबल क्लिक केल्यावर ड्राइव्ह उघडतो, तर फार काही बिघडलेलं नाही. नुसतं पडून राहिलेलं कनेक्शन विंडोज सर्व्हर 15 मिनिटांनी स्वतःच सोडतो, ही डिफॉल्ट सेटिंग आहे आणि ती सर्व्हरवर बदलता येते. फुली फक्त बूट झाल्यावर येत असेल तर वायफाय किंवा लॅन तयार व्हायच्या आधीच विंडोजने लॉगिन उरकलेलं असतं, तिथे ग्रुप पॉलिसीत (पीसी आणि युझरना सेटिंग्ज लावून देणारी विंडोजची सोय) लॉगिनच्या वेळी नेटवर्कची वाट बघायची सेटिंग चालू करायची. विंडोज 10 च्या 1809 आवृत्तीत मात्र दोष खुद्द विंडोजचाच होता, मायक्रोसॉफ्टने त्यावर ड्राइव्ह पुन्हा जोडणारी स्क्रिप्ट दिली होती.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे काम चालू असताना दीड-दोन तासांनी ड्राइव्ह क्षणभर जातो आणि परत येतो, तेवढ्यात उघडी एक्सेल फाइल सेव्ह होत नाही आणि अकाउंट्सवाले ओरडायला लागतात. लोक स्विच बदलतात, केबल बदलतात, आणि कारण निघतं ग्रुप पॉलिसीत. ड्राइव्ह मॅपची ॲक्शन तिथे "रिप्लेस" ठेवलेली असते, म्हणजे आधी मॅपिंग काढायचं मग परत लावायचं, आणि पॉलिसी दर 90 मिनिटांनी (त्यात वर 30 मिनिटांपर्यंत भर) रिफ्रेश होते, विंडोज 8 पासून ड्राइव्ह मॅपचा भाग त्या रिफ्रेशमध्येही चालतो. "अपडेट" निवडलं की प्रश्न मिटतो.

विंडोज अपडेटनंतर जुना नॅस बॉक्स (नेटवर्कला जोडलेली फाइल साठवणारी पेटी) कायमचाच दिसेनासा झाला तर प्रोटोकॉल बघायचा. 2017 च्या वॉनाक्राय या खंडणी-व्हायरसनंतर एसएमबी 1, म्हणजे फाइल शेअरिंगच्या प्रोटोकॉलची जुनी आवृत्ती, नव्या विंडोजमध्ये बाय डिफॉल्ट येणं बंद झालं, आणि विंडोज 11 च्या 24एच2 मध्ये प्रो आवृत्तीतही बिनपासवर्डचा गेस्ट ॲक्सेस बंद झाला. एसएमबी 1 परत चालू करायचा सल्ला सर्रास मिळतो, तो घेऊ नये, नॅसचं फर्मवेअर अपडेट करून त्यावर युझर-पासवर्ड बनवावा.

पासवर्ड बदलला असेल तर क्रेडेन्शियल मॅनेजरमधला (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) जुना काढायचा. एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या युझरनेमने जोडायला गेलं की 1219 एरर येतो. पेनड्राइव्हने अक्षर पळवू नये म्हणून मॅपिंगला शेवटची अक्षरं देतात.

छोट्या ऑफिसात, टॅलीचा डेटा ठेवलेला साधा पीसीच "सर्व्हर" असतो, तिथे तो पीसी स्लीपमध्ये गेला की सगळ्यांचे ड्राइव्ह एकदम जातात, किंवा आयपीने मॅप केलेलं असतं आणि राउटरने आयपी बदललेला असतो, आणि साध्या विंडोज 10 ला एका वेळी 20 पेक्षा जास्त कनेक्शन चालतही नाहीत. तपासायला कमांड प्रॉम्प्टवर "नेट यूज" मारून स्टेटस बघावं, मग रनमध्ये सर्व्हरचं नाव आणि नंतर आयपी टाकून बघावा, आयपीने उघडलं आणि नावाने नाही तर डीएनएसची (नावावरून आयपी शोधून देणारी सोय) गडबड, दोन्हीने नाही तर फाइल शेअरिंगचा 445 पोर्ट फायरवॉलने अडवलाय का बघावं.