खोलीचा आकडा आणि सोनार लॉग

फिशफाइंडर म्हणजे पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून मासे आणि पाण्याची खोली दाखवणारं होडीवरचं यंत्र. ‘फिशफाइंडरमधून खोली आणि जागा उतरवून घेतली’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, वायरीतून आकडे घेतलेत की यंत्राच्या मेमरी कार्डावर सोनार लॉग, म्हणजे प्रतिध्वनींची नोंद? तळाचा नकाशा दोन्हींतून निघतो, ठिपकेही सारखेच दिसतात. म्हणूनच गल्लत होते.

वायरीतून येतात त्या एनएमईए ०१८३ च्या ओळी; होडीवरची यंत्रं एकमेकांना माहिती देतात ती ही ठरलेली पद्धत. साधा मजकूर, वेग सेकंदाला ४८०० बिट. लॅपटॉप जोडून तसाच साठवता येतो. त्यातल्या डीबीटी ओळीत एकच खोली तीनदा असते: २५.६ फूट, ७.८ मीटर, ४.३ फॅदम. फॅदम म्हणजे आपल्या कोळ्यांचा वाव. पण ही खोली ट्रान्सड्यूसरच्या, म्हणजे आवाज सोडणाऱ्या आणि ऐकणाऱ्या भागाच्या, तोंडापासूनची. तो पाण्यात अर्धा मीटर बुडालेला असेल तर तेवढी मिळवायची. खाडीत भरती-ओहोटीचा हिशेब आणखी वेगळा. शिवाय या ओळीत ना वेळ असते, ना जागा. त्या आरएमसी ओळीत येतात आणि सांगड आपल्यालाच घालावी लागते. होडी ५ नॉटने चालली असेल तर एका सेकंदाच्या चुकीने ठिपका अडीच मीटर सरकतो.

सोनार लॉगमध्ये ही सांगड यंत्रानेच घातलेली असते. लोरन्स कंपनीच्या फिशफाइंडरच्या एसएल२ फाइलचं उदाहरण घ्या: प्रत्येक पिंगसोबत, म्हणजे एकदा सोडलेल्या आवाजासोबत, खोली, जागा आणि परत आलेला अख्खा प्रतिध्वनी. मात्र फाइल बायनरी, म्हणजे साध्या मजकुरासारखी वाचता न येणारी; तिची रचना हौशी लोकांनी खटपट करून उकलली. खोली फुटांत, जागा मर्केटर प्रक्षेपणाच्या (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची एक पद्धत) मीटरांत. अक्षांश-रेखांश गणित करून काढावे लागतात.

एवढा त्रास असूनही मी लॉगच घेतो. कारण खोलीचा आकडा म्हणजे प्रतिध्वनीवरून यंत्राने लावलेला अंदाज. दाट पाणवनस्पती असली की ते तिच्या शेंड्यांनाच तळ समजू शकतं. नुसते आकडे साठवले असतील तर ती चुकीची खोली तशीच राहते, तपासायला हाती काही उरत नाही. लॉग उघडला तर बहुतेक वेळा पानांच्या धूसर पट्ट्याखाली तळाची ठळक रेघ दिसते. ती हाताने आखून घेतली की खोली दुरुस्त होते, पुन्हा होडी काढावी लागत नाही.

चालत्या होडीखालची खोली लॅपटॉपच्या नकाशावर त्याच क्षणी हवी असेल तर मात्र वायरच लागते. स्वस्त यंत्रांना ती सोय पुष्कळदा नसतेच, तेव्हा विकत घेण्याआधी माहितीपत्रकात एनएमईए आउटपुट आणि सोनार रेकॉर्डिंग हे दोन्ही शब्द शोधा.