शेफिल्डच्या लोहारांची कंपनी आणि नको असलेलं पोलाद

इंग्लंडमधलं शेफिल्ड आणि त्याच्या भोवतालची खेडी मिळून जो मुलूख होतो त्याला हॅलमशायर म्हणतात, आणि तिथल्या चाकू-कात्र्या-विळे घडवणाऱ्या लोहारांनी १६२४ साली थेट पार्लमेंटकडून कायदा करून घेऊन स्वतःची कंपनी काढली. कंपनी म्हणजे शेअरबिअरवाली नाही हां, कारागिरांची पंचायतच म्हणा: एक मास्टर, २ वॉर्डन, ६ तपासनीस आणि २४ असिस्टंट. त्याआधी सगळा कारभार जमीनदाराच्या कोर्टात चालायचा आणि तेव्हाचा एक नियम मला फार आवडतो, ८ ऑगस्टपासून २८ दिवस काम बंद आणि परत ख्रिसमसपासून २३ जानेवारीपर्यंत बंद! बाजारात माल जास्त येऊन भाव पडू नये म्हणून असणार.

कंपनीचे नियम कडक होते. शिकाऊ पोरगा उस्तादाकडे ७ वर्षं राबणार, प्रत्येक कारागिराचा स्वतःचा मार्क, तो पात्यावर ठोकायचा आणि रजिस्टरमध्ये नोंदवायचा, आणि धार पोलादाचीच पाहिजे. पोलाद महाग, म्हणून अंग लोखंडाचं आणि धारेपुरतं पोलाद घणाने ठोकून जोडलेलं असा प्रकार सर्रास चालायचा, पण धारेतच लोखंड खपवलं तर तपासनीस पकडणार.

आता गंमत अशी की पोलाद चांगलं की वाईट हे ठरतं कशावर, हे या तपासनिसांना काय, तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं. ते ठरतं कार्बनवर. शुद्ध लोखंड मऊ, त्यात साधारण १ टक्का कार्बन गेला की पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम पाण्यात बुडवल्यावर, ते कडक होतं आणि धार धरतं. शेफिल्डमध्ये स्वीडनच्या लोखंडाच्या पट्ट्या कोळशाच्या भुकटीत दाबून बंद पेटीत आठवडाभर तापवायचे, कार्बन बाहेरून आत शिरायचा, पण कैरीचं लोणचं नीट मुरलं नाही की वरून खारट आणि आत कोरं राहतं ना तसं, पट्टीच्या कडेला कार्बन भरपूर आणि मध्ये कमी.

यावर उपाय काढला तो लोहाराने नाही, एका घड्याळवाल्याने! बेंजामिन हंट्समन, डॉनकास्टरचा. त्याला घड्याळाच्या स्प्रिंगसाठी एकसारखं पोलाद हवं होतं, म्हणून १७४० च्या दशकात त्याने ते मातीच्या मुशीत, कोकच्या (म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशाच्या) भट्टीत १६०० अंशांच्या आसपास पूर्ण वितळवलं. वितळलं की कार्बन सगळीकडे सारखा, प्रश्न मिटला. पण शेफिल्डचे चाकूवाले म्हणाले हे फार कडक आहे, घडवता येत नाही. मग हंट्समनने माल फ्रान्सला विकला, आणि सांगतात की त्याच पोलादाचे फ्रेंच चाकू इंग्लंडात यायला लागल्यावर यांचे डोळे उघडले आणि मग त्याची निर्यातच बंद करा म्हणून खासदाराकडे गेले.

मुशीतलं पोलाद आपल्या दख्खनला आणि दक्षिणेला मात्र कित्येक शतकं आधीपासून माहीत होतं, तेच ते वूट्झ. १७८६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी कार्बनचा खुलासा केला, आणि १७९० च्या दशकात मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी वूट्झचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवले. पुढे फॅरेडेने (हो, तोच विजेवाला) वूट्झवरून पोलादात वेगवेगळे धातू मिसळून बघायचे प्रयोग सुरू केले आणि त्यातलं काही पोलाद शेफिल्डमध्येच ओतलं गेलं.

कंपनीची धंद्यावरची बंधनं १८१४ ला उठली, मार्कची नोंद ठेवायचं काम मात्र राहिलं. नव्या पोलादाला नाक मुरडायची सवय पण राहिली! १९१३ मध्ये शेफिल्डच्याच हॅरी ब्रिअर्ली या धातुतज्ज्ञाने बंदुकीच्या नळ्यांसाठी प्रयोग करताना १२.८ टक्के क्रोमियमचं न गंजणारं पोलाद काढलं तर चाकूवाले पुन्हा तेच, याला धार येत नाही. न कापणाऱ्या चाकूंचा शोधकर्ता म्हणून त्याची टिंगल झाली. खरं कारण भट्टीत होतं. साधं पोलाद ८०० अंशांच्या आतबाहेर तापवून पाणी दिलं की कडक होतं, याला १००० च्या पुढे न्यावं लागतं, आणि कारागीर जुन्याच अंदाजाने, रंग बघून, लवकर बाहेर काढत होते. शेवटी अर्नेस्ट स्टुअर्ट नावाच्या एका चाकू कारखान्याच्या मॅनेजरने ते पातं व्हिनेगरमध्ये बुडवून बघितलं, डाग पडला नाही, आणि 'स्टेनलेस' हे नाव त्यानेच दिलं.