खोक्यावरचे ५० वॅट आणि मागचा फ्यूज

कारसाठी स्टिरिओ घ्यायचा म्हटलं की पहिली नजर जाते खोक्यावरच्या मोठ्या आकड्याकडे, ५० वॅट गुणिले ४. म्हणजे २०० वॅट, वा! आता तोच सेट उलटा करून मागचा फ्यूज बघा, बहुतेक वेळा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात, त्याला १० ने गुणलं की झाले १४४ वॅट, त्यातलेही बरेच वॅट सेट तापवण्यातच जातात. मग २०० येणार कुठून?

येत नाहीतच. आतला अँप्लिफायर ब्रिज पद्धतीने जोडलेला असतो, तो स्पीकरच्या एका टोकाला वर ओढतो तेव्हा दुसऱ्याला खाली, तरी स्पीकरवर जास्तीत जास्त पडणार ते १४.४ व्होल्टच. स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग करा आणि ४ ने भागा, उत्तर येतं जवळपास ५२. सापडला खोक्यावरचा आकडा! पण हे कधी, तर आवाजाची लाट वरून-खालून छाटून अगदी चौकोनी झाली की, आणि तसा आवाज म्हणजे नुसता फाटलेला कर्कश आवाज. स्वच्छ गोल लाट असेल तर यातले निम्मेच, २६ वॅट, आणि ट्रान्झिस्टरमधलं नुकसान वजा केलं की हातात उरतात २० च्या आसपास.

म्हणून आरएमएस पॉवर, म्हणजे सेट सलग देऊ शकतो ती पॉवर बघायची, आणि सोबत सीटीए-२००६ हे पॉवर मोजण्याचं मानक लिहिलेलं असेल तर उत्तमच, कारण त्या मोजणीत १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि आवाजातली विकृती १ टक्क्याच्या आत, या अटी ठरलेल्या आहेत. बाकी एकाचे १८ आणि दुसऱ्याचे २२ वॅट यावर डोकं फोडू नका. पॉवर दुप्पट केली तरी फक्त ३ डेसिबल वाढतात आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० पट पॉवर लागते.

आता डिस्क. सीडीवरच्या दोन शेजारच्या ओळींत अंतर असतं १.६ मायक्रॉन, आणि गाडी गचके खात असताना लेसरला तेवढ्याच जागेत नेम धरून राहायचं असतं. लेन्स बारीक कॉइल्सवर तरंगत असते आणि सतत सावरत असते, तरी नेम चुकतोच, तेव्हा कामाला येते बफर मेमरी, आधीच वाचून ठेवलेलं संगीत तोवर वाजत राहतं. इथे एक गंमत आहे. साध्या ऑडिओ सीडीला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात, १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीला त्याच्या अकराव्या भागाएवढे, म्हणून एमपीथ्री तशाच बफरमध्ये ठेवली तर तितक्याच मेमरीत कितीतरी जास्त सेकंद निघतात. गचक्यांची परीक्षा घ्यायची तर ऑडिओ सीडीच लावा!

ओरखड्यांचं म्हणाल तर सीडीतलं चूक दुरुस्त करणारं गणित ओळीवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा गेला तरी तो जसाच्या तसा भरून काढतं. मधून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक ओळ फक्त क्षणभर कापतो, तो चालतो. गोल फिरलेला ओरखडा मात्र ओळीच्या ओळी खातो, म्हणून सीडी नेहमी आतून बाहेर पुसायची, गोल गोल नाही.

फोनमधली गाणी ऐकायची असतील तर माझं मत यूएसबीला. ऑक्स केबलने फोनने आधीच अॅनालॉग केलेला आवाज येतो, यूएसबीवर तो डिजिटल रूपातच स्टिरिओकडे पोचतो आणि त्याचं अॅनालॉगमध्ये रूपांतर स्टिरिओच करतो. ब्लूटूथमध्ये गाणं परत एकदा आवळलं जातं, एसबीसी या ब्लूटूथच्या साध्या आवळण्याच्या पद्धतीला सेकंदाला जेमतेम ३२८ किलोबिट मिळतात. अर्थात पळत्या गाडीत टायर आणि वाऱ्याच्या आवाजात हा फरक कळणं कठीणच, तुलना करायची तर गाडी उभी करून करा.

आणि एक, गाणं बंद, आवाज मध्यम ठेवा आणि अॅक्सिलरेटर हळूहळू दाबा. स्पीकरमधून बारीक शिट्टी आली आणि इंजिनबरोबर चढत गेली तर तो अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा गोंगाट आहे. लगेच स्टिरिओला नावं ठेवू नका, आधी अर्थिंगची तार नीट कसलेली आहे का बघा, नवा सेट बसवूनही तार तशीच सैल राहिली तर शिट्टी तशीच येत राहणार.