मोचीला तार येते कुठून?

मोची म्हणजे वाफवलेला तांदूळ कुटून केलेला जपानी गोळा. पहिल्यांदा ती करायला घेतली तेव्हा मी घरातलाच आंबेमोहोर रात्रभर भिजत घातला, मोदकपात्रात वाफवला आणि दगडी खलबत्ता पुढ्यात घेऊन कुटायला बसले. अर्ध्या तासाने हाती आली ती चक्क उकड. मऊ, पांढरीशुभ्र, वास तर सुरेखच; पण दोन्ही हातांनी ओढली की तटकन तुटायची. मोची तुटत नाही. ती ताणली जाते, वीतभर लोंबते आणि तरी हात सोडत नाही. शेवटी जिरं-मिरची लावून, वर कच्चं तेल घेऊन आम्ही ती संपवली.

कमी पडलं होतं ते मनगट नव्हे. तांदूळच दुसरा हवा होता.

जपानमध्ये रोजच्या भाताचा तांदूळ वेगळा, त्याला ‘उरुचिमाई’ म्हणतात, आणि मोचीचा वेगळा, तो ‘मोचीगोमे’. कच्चे दाणे शेजारी ठेवले तरी ओळखू येतात. भाताचा दाणा काचेसारखा अर्धपारदर्शक असतो, मोचीगोमेचा खडूसारखा पांढरा. वाळताना त्याच्या स्टार्चच्या कणांत अतिसूक्ष्म पोकळ्या राहतात आणि प्रकाश त्यांत अडखळून विखुरतो, म्हणून तो पांढरेपणा.

तांदळातला स्टार्च दोन प्रकारच्या रेणूंचा बनलेला असतो. अमायलोज म्हणजे ग्लुकोजची जवळजवळ सरळ, लांब साखळी. अमायलोपेक्टिन म्हणजे त्याच ग्लुकोजचं फांद्याफांद्यांचं भलंमोठं झुडूप. जपानी भाताच्या तांदळात अमायलोज साधारण १५ ते २० टक्के असतं, आपल्याकडच्या मोकळ्या भाताच्या बऱ्याच जातींत त्याहून जास्त. मोचीगोमेत ते जवळपास नसतंच. शिजल्यावर सरळ साखळ्या एकमेकींना बिलगून घट्ट जाळी करतात, त्यामुळे भात सुटा होतो आणि उकड तुटते. त्या नसल्या की उरतात नुसती झुडपं. पाणी पिऊन फुगलेल्या त्यांच्या फांद्या एकमेकींत गुंततात, ओढल्यावर सरकतात, पण सहजी सुटत नाहीत. हीच मोचीची तार. इंग्रजीत या तांदळाला ‘ग्लुटिनस’ म्हणतात म्हणून पुष्कळांना त्यात ग्लुटेन असेल असं वाटतं. ते गव्हात असतं. इथे त्याचा लवलेशही नाही.

अमायलोज गायब होण्यामागे आहे एक बिघडलेलं जनुक. ‘वॅक्सी’ नावाचं हे जनुक अमायलोज तयार करणाऱ्या एन्झाइमची कृती सांगतं. चिकट तांदळात त्या मजकुरातला २३ अक्षरांचा तुकडा दोनदा लिहिला गेलाय, त्यामुळे पुढचं सगळं वाचन फसतं. निसर्गाची ही चूक आशियातल्या शेतकऱ्यांना आवडली आणि त्यांनी ती जपली. जपणं सोपं नव्हतं. भाताच्या साध्या वाणाचे परागकण मोचीच्या लोंबीवर पडले, तर त्यातून धरणारा दाणा त्याच हंगामात साधा निघतो, पुढच्या पिढीची वाटही पाहत नाही. म्हणून मोचीगोमेची शेतं आजही शक्यतो वेगळी, अंतर राखून ठेवतात.

असा तांदूळ भारतातही पिकतो. आसामचा ‘बोरा’ त्यातलाच, तिथले पिठे त्याचेच करतात. एका मैत्रिणीने गुवाहाटीहून किलोभर बोरा आणून दिला आणि माझं काम झालं. कुटण्याआधी एक गंमत करून पाहिली. आंबेमोहोर आणि बोरा यांचे चार-चार दाणे चेचले आणि दोन्हींवर आयोडीनचं पातळ द्रावण टाकलं. शाळेत शिकल्याप्रमाणे आंबेमोहोर निळा-काळा पडला. बोरा मात्र लालसर तपकिरी झाला, काताचा डाग पडावा तसा. आयोडीन अमायलोजच्या मळसूत्री साखळीत शिरलं की गडद निळा रंग येतो. झुडपाच्या आखूड फांद्यांत ते तेवढं मावत नाही.

आता कृती. अर्धा किलो तांदूळ धुऊन रात्रभर भिजत ठेवायचा आणि सकाळी चांगला निथळायचा. तो वाफवायचा, शिजवायचा नाही. भिजताना प्यायलेलं पाणी त्याला जवळजवळ पुरतं. भातासारखं पाण्यात शिजवलं तर खळ होईल. मोदकपात्रात ओला पंचा पसरून त्यावर तांदूळ, मधोमध वाफेला खळगा, आणि चाळीसेक मिनिटं. मध्ये एकदा पाण्याचा हबका मारायचा. दाणा बोटांत दाबला की आत कणी लागता कामा नये, कारण राहिलेली कणी पुढे कितीही कुटली तरी मोडत नाही.

जपानमध्ये हे कांडण, म्हणजे ‘मोचित्सुकी’, वर्षाअखेरीस होतं. २९ डिसेंबर पुष्कळ घरांत टाळतात, कारण त्या आकड्याचा उच्चार ‘दुहेरी दुःख’ असा ऐकू येतो. लाकडी किंवा दगडी उखळाला ‘उसु’ म्हणतात आणि हातोड्यासारख्या मुसळाला ‘किने’. एक जण घाव घालतो, दुसरा दोन घावांच्या मध्ये ओल्या हाताने गोळा उलटवतो. ताल चुकला तर बोटं गेलीच. पण बघणाऱ्याच्या लक्षात न येणारा भाग त्याआधीचा असतो. सुरुवातीला घाव घालायचेच नसतात, मुसळावर भार देत दाणे चिरडत, मळत राहायचं. आधीच ठोकलं तर गरम दाणे उखळाबाहेर उडतात. खलबत्त्यात माझे उडालेच, दोन तर चष्म्यावर.

चंद्रावर ससा दिसतो म्हणून आपण चंद्राला शशांक म्हणतो. जपानी चंद्रावरचा ससा मोची कांडत असतो, आणि चित्रांत बहुधा त्याच्या हातात आपल्यासारखं उभं मुसळ असतं. भुकेल्या पाहुण्यासाठी आगीत उडी घेणाऱ्या सशाची जातककथा बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोचली. मुसळ मात्र त्याला चीनमध्ये मिळालं असावं; तिथला चंद्रावरचा ससा औषध कुटतो, जपानमध्ये त्या औषधाची मोची झाली. पौर्णिमेचा चंद्र म्हणजे ‘मोचिझुकी’ आणि कांडण ‘मोचित्सुकी’, या जुळत्या उच्चारांचाही त्यात हात असल्याचं सांगतात.

इतकी खटपट नको असेल तर चिकट तांदळाच्या पिठीचा मार्ग आहे. पिठीत साखर आणि साधारण दीडपट पाणी कालवायचं, मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर फिरवून ढवळायचं, आणि गोळा अर्धपारदर्शक होईपर्यंत तेच करत राहायचं. आत लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण भरलं की झालं ‘दाइफुकु’. खायला छान लागतं. पण कांडलेल्या मोचीचा दाताखालचा जोर त्याला नाही, असं माझं मत.

कांडलेली मोची दुसऱ्या दिवशी दगड होते. अमायलोपेक्टिनच्या फांद्या थंड होताना हळूहळू पुन्हा ओळीने लागतात आणि पाणी बाजूला सारतात. फ्रीजमधल्या थंडीत हे सर्वांत झपाट्याने होतं, म्हणून उरलेली मोची फ्रीजमध्ये न ठेवता थेट फ्रीजरमध्ये टाकावी. दाइफुकुतली साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे ती जास्त वेळ मऊ राहते. जपानी लोक मात्र या कडकपणाचाच उपयोग करून घेतात. नवीन वर्षाला देवापुढे ठेवलेली दोन थरांची ‘कागामी मोची’ बहुतेक ठिकाणी ११ जानेवारीला फोडतात, तीही हातोडीने. सुरीचा संबंध हाराकिरीशी, म्हणून ती अशुभ.

ओळीने लागलेल्या या फांद्या ५०-६० अंशांनाच पुन्हा मोकळ्या होतात. अमायलोजची गाठ सुटायला मात्र शंभर अंशांच्या बरंच वर जावं लागतं, तिथे साधी वाफ पोचत नाही. शिळा मोदक परत वाफवला तरी पहिल्यासारखा का होत नाही, याचं बरंचसं कारण हेच.

वडीलधाऱ्यांना मोची द्यायची तर सुपारीएवढे तुकडे करून द्यावी. घशात अडकून माणसं दगावतात, आणि टोकियोचं अग्निशमन दल दर नवीन वर्षाच्या सुमारास तशी सूचना देतं.

माझी उरलेली मोची तिसऱ्या दिवशी मी पापड भाजायच्या जाळीवर ठेवली. पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग वरची कडक साल तडकली आणि आतल्या वाफेने मऊ गोळा फुग्यासारखा बाहेर काढला, फुलक्याला लाजवेल असा. सोया सॉसचे चार थेंब टाकले, ते चर्र झाले.