छायांकित उठाव प्रतिमा : कोकणातील खनिज शोधात उपयोग

छायांकित उठाव प्रतिमा, म्हणजे या कामातल्या लोकांच्या तोंडी ‘हिलशेड’, ही जमिनीच्या उंचीच्या आकड्यांवर संगणकात एक कल्पित सूर्य टांगून काढलेली करड्या छटांची प्रतिमा असते. सूर्याकडे तोंड असलेला उतार उजळ दिसतो, पाठमोरा काळा पडतो. उपग्रहाच्या रंगीत चित्रात झाडोरा, ढग, शेतांची ठिगळे आणि घरांची छपरे नजर अडवतात. इथे ते रंग नसतात, फक्त उंचसखलपणा असतो.

या प्रतिमेत खनिज दिसत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. दिसते ती खडकाची मोडतोड: विभंग (खडक तुटून सरकल्याच्या भेगा), कर्तन पट्टे (घासून पिचलेले पट्टे), वलींचे (दुमडलेल्या थरांचे) माथे, डाइकच्या (भेगेत शिरून थिजलेल्या खडकाच्या) भिंती आणि त्यांची एकमेकांना छेदणारी ठिकाणे. खडक फुटला की खनिजद्रव्ये विरघळवून आणणाऱ्या गरम पाण्याला वाट मिळते. थर दुमडला की माथ्याशी त्याची जाडी वाढते, तुटला की एरवी सलग असलेला साठा बाजूला सरकतो. फुटलेला पट्टा लवकर झिजून तिथे सरळ दरी तयार होते, कठीण थर कण्यासारखा वर राहतो. सरळ दरी, सरळ कणा, काटकोनात वळणारी नदी किंवा एका ओळीतल्या खिंडी यांना मिळून ‘लिनिअमेंट’ म्हणतात. लिनिअमेंट हे जमिनीवरचे लक्षण आहे. त्याला विभंग म्हणायचे तर पुरावा वेगळा लागतो.

कोकणचा खडक

रायगड आणि रत्नागिरीचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टचा आहे. इथे लाव्ह्याचे थर पनवेलच्या आसपास पश्चिमेकडे झुकले आहेत (याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात) आणि किनाऱ्याला साधारण समांतर, उत्तर-दक्षिण डाइकचे झुबके आहेत. उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी ही गरम पाण्याची कुंडेही ढोबळमानाने उत्तर-दक्षिण पट्ट्यात येतात. बेसाल्टमध्ये धातूंचे साठे शोधायला जाण्यात फारसा अर्थ नसतो. तिथे या प्रतिमेचा खरा उपयोग भूजलासाठी होतो. दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडचे बॉक्साइट सड्यांच्या (जांभ्या दगडाच्या सपाट पठारांच्या) माथ्यावर झिजेतून तयार झालेले आहे, तेव्हा त्यासाठी विभंगापेक्षा सड्याची उंची आणि कडा महत्त्वाची.

सिंधुदुर्गात चित्र पालटते. बेसाल्टखालचा जुना पाया इथे उघडा पडला आहे. त्यात धारवाडी गटाचे सुभाजा (शिस्ट) आणि नाइस हे रूपांतरित खडक आहेत आणि त्यांच्यावर कलादगी गटाचे वालुकाश्म व क्वॉर्टझाइट बसले आहेत. रेडीचे लोहखनिज, कणकवलीजवळ जानवली-वागद्याचे क्रोमाइट आणि कासार्डे-फोंड्याची सिलिका वाळू याच भागातली. रेडीचे लोहखनिज पट्टित थरात आहे, म्हणून वलीचा माथा कुठे आहे हा तिथला मुख्य प्रश्न. क्रोमाइट भिंगासारख्या तुटक गाठींत असते, म्हणून पट्ट्याला आडवे छेदणारे विभंग शोधावे लागतात. सिलिका वाळूचे थर कमी झुकलेले असल्याने त्यांच्या एका बाजूला ताठ कडा आणि दुसऱ्या बाजूला सौम्य उतार राहतो. छायांकनात हे अगदी स्पष्ट दिसते. मालगुंड ते पूर्णगड किनाऱ्यावरच्या इल्मेनाइट वाळूला मात्र ही पद्धत लागू नाही. तिथले उंचसखलपण काही मीटरचे असते आणि ३० मीटर पिक्सेलच्या विदेची (उंचीच्या आकड्यांची) चूकही तेवढीच असते.

उंचीची विदा

फुकट मिळणारी विदा पुढीलप्रमाणे: फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने ११ दिवसांत रडारने टिपलेली एसआरटीएम, टॅनडेम-एक्स उपग्रहांवरून केलेली युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाची ३० मीटर विदा आणि २००५ साली सोडलेल्या कार्टोसॅट-१ च्या जोडचित्रांतून काढलेली कार्टोडेम. शेवटची इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर मिळते. यांपैकी एकही उघड्या जमिनीची नाही. हापूस आणि काजूच्या बागा, देवराया, घाटातले जंगल यांचे शेंडे उंचीत मिसळलेले असतात. बागेची सरळ हद्द पाच-सात मीटरची पायरी होऊन प्रतिमेत उमटते आणि तिला विभंग म्हणायचा मोह होतो. भूरूप नकाशांच्या २० मीटर समोच्च रेषांवरून बनवलेली विदा बेसाल्टच्या मुलखात आणखी फसवते. तिथे लाव्ह्याच्या थरांच्या नैसर्गिक पायऱ्या आधीच असतात आणि त्यांत गणिताने तयार झालेल्या खोट्या पायऱ्या अशा मिसळतात की वेगळ्या करता येत नाहीत.

विदा हाती आली की ती पहिल्यांदा मीटरमध्ये आणायची, म्हणजे यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-जाळीच्या ४३ उत्तर विभागात. अक्षांश-रेखांश अंशात आणि उंची मीटरमध्ये असताना तशीच छायांकनाला दिली तर आज्ञावली (सॉफ्टवेअर) एक अंश म्हणजे एक मीटर धरते. मग प्रत्येक टेकडी उभ्या भिंतीसारखी होते आणि प्रतिमा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जाते. नवख्याची सर्वांत नेहमीची चूक ही. यूटीएममध्ये नेताना शेजारच्या पिक्सेलांवरून नवी उंची काढणारी द्विरेषीय किंवा घनीय पद्धत घ्यावी. ‘जवळचा पिक्सेल’ पद्धत घेतली तर प्रतिमेवर जाळीसारख्या उभ्या-आडव्या रेघा येतात.

सूर्य कुठे ठेवायचा

बहुतेक नेहमीच्या आज्ञावल्यांत सूर्य वायव्येला, ३१५ अंशांवर, क्षितिजापासून ४५ अंश उंच ठेवलेला असतो. कोकणच्या आकाशात सूर्य त्या जागी कधीच येत नाही. ही नकाशे रंगवणाऱ्यांची जुनी सवय आहे: उजेड डावीकडून वरून आला की डोळा टेकडीला टेकडी समजतो. उजेड दक्षिणेकडून आला की डोळा फसतो, दऱ्या उठून येतात आणि कडे खचलेले दिसतात. म्हणून सूर्य नकाशाच्या वरच्या अर्ध्या भागातच ठेवायचा, पश्चिमेपासून उत्तरेमार्गे पूर्वेपर्यंत.

सिंधुदुर्गाच्या कामात नेमकी ही तयार जागाच घात करते. धारवाडी खडकांचा कल वायव्य-आग्नेय ते उत्तर-वायव्य आहे, म्हणजे तिथला कणा बहुतेक वेळा उजेडाच्याच दिशेने पडलेला असतो आणि त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच उजळतात. आकडे पाहू. दोन्ही बाजूंना १० अंश उतार असलेला एक लांब कणा घ्या, सूर्य ४५ अंश उंच, छटा ० ते २५५ च्या मापात. उजेड कण्याला काटकोनात पडला तर एका बाजूची छटा २०९ आणि दुसरीची १४६ येते, फरक ६३. कण्याची दिशा आणि उजेडाची दिशा यांत २५ अंशांचेच अंतर असले तर छटा १९१ आणि १६४ येतात, फरक निम्म्याहून कमी. उजेड कण्याच्या रेषेतून आला तर दोन्हीकडे १७८ आणि फरक शून्य. कणा जमिनीवर आहे, प्रतिमेत नाही. तयार मांडणीवर काढलेल्या नकाशात धारवाडी कल कमकुवत दिसला तर आधी सूर्याची जागा पाहावी, भूशास्त्राचे निष्कर्ष त्यानंतर.

उपाय साधा आहे. २७०, ३१५, ० आणि ४५ अंश अशा चार स्वतंत्र प्रतिमा काढायच्या आणि प्रत्येकीवर वेगळ्या थरात रेषा ओढायच्या. धारवाडी कलासाठी ४५, उत्तर-दक्षिण डाइकसाठी २७०, आडव्या विभंगांसाठी ०. ‘बहुदिशा’ नावाचा तयार पर्याय चार दिशा मिसळून देतो. नजर टाकायला तो छान आहे, रेषा ओढायला नाही, कारण मिसळताना बारीक फरक बोथट होतात. तीन दिशा लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांत एकत्र केल्या तर त्याहून जास्त कळते: रंग चढला तिथे उताराला दिशा आहे, करडे राहिले तिथे सपाटी आहे. कोणत्याही सूर्याशिवाय काढलेला उताराचा नकाशा कायम शेजारी उघडा ठेवावा. जी रेषा त्यात अजिबात दिसत नाही तिच्यावर विश्वास ठेवू नये.

सूर्याची उंची जागेप्रमाणे बदलते. किनाऱ्यालगतच्या सड्यांवर तो २५ अंशांवर उतरवला की वरच्याच १० अंशी कण्याच्या छटा १४६ आणि ६६ होतात, म्हणजे फरक ८०. पण हीच मांडणी सह्याद्रीच्या पायथ्याशी नेली की सूर्यापासून पाठमोरा, २५ अंशांहून तीव्र असा प्रत्येक उतार निव्वळ काळा होतो आणि त्यातले सगळे तपशील बुडतात. घाटाचा कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने तिथे पूर्वेचा किंवा ईशान्येचा उजेड वाया जातो. म्हणून काम दोन तुकड्यांत करावे. किनारा आणि सड्यासाठी सूर्य २५ ते ३० अंश आणि उंची दोन-तीन पट ताणलेली. घाटपायथ्यासाठी सूर्य ४५ ते ५०, उजेड पश्चिमेचा, उंची न ताणता.

सड्यावर काय शोधायचे

जांभ्याचा सडा खालच्या खडकावर पसरलेल्या जाड गोधडीसारखा असतो. माथ्यावर कितीही छायांकन केले तरी कातळ सपाट तो सपाटच दिसतो. रचना कडेला फुटते. सड्याची कड तीन-चार किलोमीटर सरळ धावत असेल तर ती टिपून ठेवावी. सर्वांत बोलके लक्षण म्हणजे समोरासमोरचे व्हाळ (ओढे): सड्याच्या उत्तर कडेवरून एक व्हाळ खाडीकडे उतरतो, दक्षिण कडेवरून दुसरा उलट दिशेला, आणि दोघांची डोकी एकाच रेषेत समोरासमोर येतात. मधल्या सपाट कातळावर काहीच दिसत नसते. दोन व्हाळांनी दोन्ही बाजूंनी एकच कमजोर पट्टा पोखरलेला असतो. त्याच रेषेत पलीकडच्या सड्याला खिंड सापडली तर ती रेषा नकाशावर ठेवायला हरकत नाही. नद्यांची वळणेही बोलतात. घाटमाथ्यावरची कोयना लांबवर दक्षिणेकडे वाहून हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते. इतक्या ठळक वळणाला छायांकनाची गरज नाही, पण खाडीकाठचे लहान ओढे असेच वळतात आणि ते मात्र फक्त याच प्रतिमेत नजरेत येतात.

खोट्या रेषा

कोकण रेल्वे आणि मुंबई-गोवा महामार्ग दोन्ही किनाऱ्याच्या कलाने जातात, म्हणजे खडकांच्या कलाच्या जवळपास त्याच दिशेने. त्यांचे खोल काट आणि भराव विभंगासारखेच दिसतात. म्हणून रस्ते, रेल्वे, कालवे आणि वीजवाहिन्यांचे थर आधी प्रतिमेवर चढवावेत आणि मगच पहिली रेषा ओढावी. चिरेखाणींचे चौकोनी खड्डे, खाजण जमिनींचे सरळ बांध, जुन्या खाणींचे टप्पे आणि मातीचे ढीग हेही असेच वगळायचे. एसआरटीएममध्ये काही ठिकाणी तिरक्या समांतर पट्ट्या दिसतात. त्या यंत्राच्या आहेत. सारख्या अंतरावर, एकाच दिशेने आणि डोंगर-दरीची पर्वा न करता त्या धावतात, यावरून ओळखता येतात.

रेषांपासून लक्ष्यापर्यंत

३० मीटरच्या विदेवर १:५०,००० या मापापेक्षा जवळ जाऊन रेषा ओढू नयेत. पिक्सेलच्या पायऱ्यांनाच रेषा समजण्याची वेळ येते. या मापावर नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर, तेव्हा रेषेच्या जागेत तेवढी चूक धरूनच चालावे. दहा मीटर रुंदीची डाइक थेट दिसत नाही. दिसते ती तिच्यामुळे उभी राहिलेली वरंडी, किंवा डाइक भोवतालच्या खडकापेक्षा मऊ असेल तर झालेली चर. शक्य असेल तर दोघांनी एकमेकांचे न पाहता रेषा ओढाव्यात आणि दोघांच्याही कामात आलेल्याच पुढे न्याव्यात. मग लांबीचे वजन देऊन दिशांचे गुलाबचित्र (कोणत्या दिशेला किती रेषा ते पाकळ्यांनी दाखवणारे वर्तुळ) काढावे. गुलाबचित्रातली सर्वांत रिकामी दिशा सूर्याच्या दिशेशी जुळत असेल तर ती पोकळी प्रतिमेची आहे, जमिनीची नाही, आणि काम पुन्हा करावे लागते.

उरलेल्या रेषा भूशास्त्रीय नकाशावर ठेवल्या की लक्ष्य ठरते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे भूकोश संकेतस्थळावर आहेत. नुसती रेषा पुरत नाही, तिला योग्य खडकाची सोबत हवी. अतिअल्पसिलिक (सिलिका फार कमी असलेल्या) खडकाच्या पट्ट्याला आडवा विभंग कापतो ती जागा क्रोमाइटसाठी पाहण्यासारखी असते. तोच विभंग शेजारच्या बेसाल्टमध्ये गेला की त्यात क्रोमाइट शोधणे व्यर्थ. हवाई चुंबकीय विदेवरही असेच छायांकन करतात, पण कोकणच्या अक्षांशांवर चुंबकीय नती (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजाशी कोन) कमी असल्याने उत्तर-दक्षिण डाइकचा प्रतिसाद मुळातच क्षीण असतो. शिवाय जांभ्यातल्या मॅगहेमाइट या चुंबकीय खनिजामुळे जमिनीवरच्या चुंबकीय मोजणीत बराच गोंगाट येतो. म्हणून सड्यावर विद्युतरोध मोजणी जास्त कामाची ठरते.

शेवटची परीक्षा पायी होते, आणि तिला हंगाम लागतो. जून ते सप्टेंबर पाऊस, त्यानंतर कातळावर गवत. गवत वाळले की डिसेंबरअखेरपासून मे महिन्यापर्यंत खडक वाचता येतो. प्रतिमेतल्या रेषेवर सड्याच्या माथ्यावरून चालण्यात वेळ घालवू नये. व्हाळाच्या पात्रात उतरावे, चिरेखाणीच्या भिंती पाहाव्यात, विहिरीच्या कडा पाहाव्यात. भुग्यासारखा पिचलेला खडक, घासून गुळगुळीत झालेले आणि ओरखडे पडलेले पृष्ठ, पांढऱ्या क्वार्ट्झच्या शिरा किंवा एका रेषेत मे महिन्यातही न आटणारे झरे मिळाले तर पट्ट्याची दिशा आणि नती (झुकावाचा कोन) होकायंत्राने मोजून नकाशावर लिहावी. मिळाले नाहीत तर रेषा तुटक करून बाजूला ठेवावी, पुसू नये. जांभ्याखाली दडलेल्या रेषेचा निकाल खड्डा, चर किंवा विंधनाशिवाय लागत नाही. चर रेषेला नेहमी काटकोनात आणि तिच्या दोन्ही बाजूंना किमान ५० मीटर जाईल असा खणावा, कारण नकाशावरच्या रेषेची चूक तेवढी असतेच.