तेल ऊन, जमीन गोठलेली

अलास्काच्या तेलवाहिनीचा फोटो पाहिला की खांबांवरचे धातूचे पंख डोळ्यांत भरतात. तेल गोठू नये म्हणून ते त्याला ऊब देत असतील, असाच बहुतेकांचा समज होतो. खरा प्रकार नेमका उलटा आहे. धोका थंडीचा नसून तेलाच्या उष्णतेचा आहे.

आर्क्टिक किनाऱ्यावरच्या प्रूडो बेपासून व्हॅल्डीझ बंदरापर्यंत १,२८७ किलोमीटर लांबीची ही वाहिनी जून १९७७ मध्ये सुरू झाली. पृथ्वीच्या पोटातून येणारे तेल ऊन असते आणि वाटेतली बरीच जमीन वर्षानुवर्षे गोठलेली असते. मातीचे कण बर्फानेच धरून ठेवलेले. अशा जागी ऊन नळ पुरला तर बर्फ वितळून चिखल होणार आणि नळ खचणार. म्हणून निम्म्याहून जास्त वाहिनी ७८,००० आधारखांबांवर उचलून धरली आहे. पण खांबांतूनही उष्णता खाली झिरपतेच. त्यावरचा उपाय मला या साऱ्या बांधकामातला सर्वांत देखणा भाग वाटतो.

बहुतेक खांबांत दोन-दोन बंद नळ्या खोचल्या आहेत. आत फक्त अमोनिया, थोडा द्रव आणि बाकी वाफ. अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो हे आपण शिकतो, पण ते हवेच्या नेहमीच्या दाबाला. बंद नळीत उत्कलनबिंदू आतला दाब ठरवतो. शून्य अंशाला हा दाब वातावरणाच्या सव्वाचार पट असतो. हिवाळ्यात वरचे टोक उणे ३० अंशांपर्यंत गारठले की तिथली वाफ द्रव होते आणि नळीभर दाब उतरतो. दाब उतरताच तळाचा, तुलनेने उबदार अमोनिया उकळू लागतो. उकळायला लागणारी उष्णता तो जमिनीतून ओढून घेतो, किलोमागे सुमारे १,२६० किलोज्यूल. शून्य अंशाचे पावणेचार किलो पाणी गोठवायला एवढीच उष्णता काढावी लागते! वाफ वर जाते, नळीच्या वरच्या टोकाला लावलेल्या त्या धातूच्या पंखांतून उष्णता हवेत सोडते आणि द्रव होऊन भिंतीवरून ओघळत खाली येते. उन्हाळ्यात वरचे टोक गरम असते, वाफ द्रव होत नाही, दाब उतरत नाही, चक्र आपोआप थांबते. उष्णतेला वर जाण्याची वाट आहे, खाली यायची जवळजवळ नाही.

‘विजेशिवाय थंडावा’ म्हणून असली तत्त्वे दाखवून फुकटच्या ऊर्जेची यंत्रे विकणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. इथे उष्णता उबदार जमिनीकडून गार हवेकडे, म्हणजे उतारानेच जाते. बर्फाच्या कारखान्यातही अमोनियाच असतो, पण तिथे उष्णता उलट दिशेला ढकलायची असते, म्हणून कॉम्प्रेसर आणि वीज लागतेच.

अलास्कातही हे टळलेले नाही. ग्लेनॅलनच्या भागात कॅरिबू हरणांच्या वाटेवर गोठलेल्या जमिनीतच वाहिनी पुरावी लागली. तिथे शीतयंत्रे बसवून गार केलेले खारे पाणी नळाच्या कडेने सतत फिरवावे लागते.